सीटखालची तारीख

मास्तरांनी आयुष्यात कुणालाही शाळेत शिकवलं नाही. शाळेशी त्यांचा संबंध आला तो पाचवीपर्यंत, आणि तोही मागच्या बाकावरून. पण शिवणकाम करणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर झाले, आणि त्यांच्या बायकोला गल्लीने थोडं कौतुकाने, थोडं चिडवायला मास्तरीणबाई करून टाकलं. कपडे मात्र मास्तर शिवत नसत. ते मोटारींच्या सीटची कव्हरं शिवत. माणसं माप देताना पोट आत ओढतात आणि नंतर कपडा तंग झाला म्हणून भांडायला येतात, सीट मुकाट्याने माप देते, असं त्यांचं म्हणणं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक लांबट खोली, तिला लोखंडी शटर, तेच दुकान. जाड सुईचं, पायाने चालवायचं मशीन, भिंतीला टेकवून ठेवलेले फोमचे तक्ते, रेक्झीनच्या गुंडाळ्या, खडूचे तुकडे आणि दाभणांची पत्र्याची डबी. मागच्या दाराने दोन पायऱ्या चढलं की घर सुरू. मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून बोलायच्या आणि मास्तर मशीनवरून हुंकार द्यायचे. चाळीस वर्षं त्यांचा संसार असा एका दाराच्या दोन बाजूंनी चालला आणि चांगला चालला.

मास्तरांची एक सवय होती. कव्हर शिवून झालं की ड्रायव्हरच्या सीटच्या कव्हराला, आतल्या बाजूने, बोटभर पट्टी शिवायची आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख घालायची. ही सवय भांडणातून लागली. फार पूर्वी एका गिऱ्हाइकाने फाटकं कव्हर आणून टेबलावर आपटलं होतं, तीन महिन्यांत शिवण उसवली म्हणून. शिवून चार वर्षं झाली होती हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, पण पुरावा नव्हता. मुकाट्याने फुकट शिवून द्यावं लागलं. त्या दिवसापासून तारीख. ती बाहेरून दिसायची नाही, कव्हर उसवलं तरच दिसायची.

पण पुढे त्या पट्ट्यांवरून मास्तरांना भलतंच काही वाचता यायला लागलं. जुन्या गाड्यांचा एक दलाल त्यांच्याकडे काम आणायचा. तो गाड्या लिलावातून उचलायचा, हप्ते थकले म्हणून कर्ज देणाऱ्यांनी ओढून नेलेल्या गाड्या. नव्या घेणाऱ्याला दुसऱ्याच्या बुडाखालचं कव्हर नको असतं, म्हणून तो सीट काढून टेम्पोतून मास्तरांकडे टाकायचा. मास्तर कव्हर उसवायचे आणि कधी कधी आत आपलीच पट्टी निघायची. मग ते बोटांवर मोजायचे. गाडी घेऊन पेढे वाटल्यासारखा चेहरा करून आलेला माणूस, त्याची बायको, रंग निवडताना भांडणारी पोरं, सगळं त्यांना आठवायचं. आणि तारखेवरून कळायचं की ते सुख किती टिकलं.

संध्याकाळी जेवताना ते बायकोला सांगायचे, "आज एक आली. चौदा महिने."

"कोण असेल बिचारा," मास्तरीणबाई म्हणायच्या, आणि पुढचा घास थोडा उशिरा घ्यायच्या.

एवढं दिसत असूनही मास्तर शहाणे झाले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याची उसवलेली शिवण बघून माणूस हळहळतो, पण आपलीही शिवण तशीच उसवेल असं त्याच्या मनात येत नाही. नवी गाडी घेऊन कुणी आलं की मास्तरही चारचौघांसारखा एकच प्रश्न विचारायचे, महिन्याला किती? माणूस आकडा सांगायचा, मास्तर मान डोलवायचे, झेपेल म्हणायचे. किती वर्षं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. शोरूमवाल्यांनी सगळ्या जगालाच तेवढा एक प्रश्न शिकवून ठेवला आहे आणि त्याचं उत्तर गोड लागेल अशी चोख व्यवस्थाही केली आहे.

त्यांना एकुलता एक मुलगा. बसने तीन तासांवरच्या शहरात थंड पेयांच्या कारखान्यात पाळीवर देखरेख करायचा. बोलायला बापासारखाच, म्हणजे न बोलणारा. त्याने हप्त्यांवर एक छोटी गाडी घेतली होती आणि महिन्यातून एकदा तो बायकोला घेऊन यायचा. एकदा त्याने आईला फिरवून आणायचं ठरवलं. मास्तरीणबाईंचे गुडघे तेव्हा पार गेले होते. त्या छोट्या गाडीत बसायला त्यांना दोघांनी धरावं लागलं आणि उतरताना तर त्या रडकुंडीला आल्या. मास्तरांना ते बघवलं नाही. रात्री जेवताना ते मुलाला म्हणाले, ही खेळण्यातली गाडी काढून टाक आणि एखादी मोठी घे, आईला पाय लांब करून बसता येईल अशी.

मुलगा म्हणाला की हिचेच हप्ते अजून दोन वर्षं आहेत. मास्तर म्हणाले, विचारून तर बघ.

त्याने विचारलं. शोरूममधला माणूस साखरेसारखा बोलायचा. जुनी गाडी आम्ही घेतो, म्हणाला, तिची जी बाकी राहते ती नव्या कर्जातच बसवून टाकू, तुम्हाला खिशातून काही काढायला नको. मुलाने फोनवर बापाला सांगितलं तेव्हा बापाने विचारलं, महिन्याला किती? आकडा आधीपेक्षा थोडासाच जास्त होता. "मग काय, झेपेल," मास्तर म्हणाले. नसलेल्या गाडीचं कर्ज असलेल्या गाडीच्या डोक्यावर चढलं आणि बापलेकांना वाटलं की आपण व्यवहार जिंकला.

गाडी आली त्या दिवशी मास्तरांनी शटर अर्धं ओढून दुसरं काम बंद ठेवलं. गडद तांबडं कव्हर, कडेला पांढरी पायपिंग, आणि पुढच्या डाव्या सीटखाली दोन बोटं जादा फोम, म्हणजे मास्तरीणबाईंना गुडघे फार न वाकवता बसता यावं. तारखेची पट्टी मास्तर करायला बसले तेव्हा मास्तरीणबाईंनी ती हातातून काढून घेतली. माझ्या पोराच्या गाडीची तारीख मी घालणार, म्हणाल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी लाल दोऱ्याने एकेक आकडा त्यांनी हाताने काढला. सात थोडा वाकडा आला. मास्तरांनी त्यावरून त्यांना आठवडाभर चिडवलं.

मुलगा निघताना सगळी गल्ली बघत होती. मास्तर छाती फुगवून ओट्यावर उभे होते. आपल्या लेकाचं कौतुक तोंडावर करायची पद्धत त्यांच्यात नव्हती, म्हणून मग जरा मोठ्याने, लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता बसने यायचं नाही हं. गाडीतून येणार असशील तरच ये, नाहीतर येऊच नको." लोक हसले. मुलगाही हसला.

मास्तरीणबाई त्या गाडीत पाच वेळा बसल्या. सहाव्या खेपेला त्यांना दवाखान्यात नेलं ते त्यातूनच, आणि त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

त्यानंतर वर्षभर मुलगा नेमाने येत राहिला. मग कारखान्यातली तिसरी पाळी बंद झाली, असं तो फोनवर एकदा ओझरतं बोलला. मग येणं लांबलं. आधी गाडी दुरुस्तीला टाकली आहे म्हणाला, मग काम फार आहे म्हणाला, मग काहीच म्हणाला नाही. दर रविवारी सकाळी फोन मात्र यायचा. जेवण होतंय का, गोळ्या घेताय का, मशीनवर फार बसू नका. मास्तर तिन्हीला हो म्हणायचे आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवायचे. असे नऊ महिने गेले.

मास्तरांच्या मनात आढी बसली. आई होती तोवर पोराला घर होतं, आता बाप तेवढा उरला आहे आणि बाप काय, कोपऱ्यातल्या मशीनसारखाच, असं त्यांना वाटायला लागलं. रविवारी ते मुद्दाम दुकान उघडं ठेवायचे. कुणी विचारलं, मुलगा आला नाही का बऱ्याच दिवसांत, की म्हणायचे, मोठा साहेब झालाय, वेळ कुठे. हे बोलून झालं की त्यांनाच बरं वाटायचं नाही.

एका मंगळवारी दलालाचा टेम्पो आला आणि गाडीच्या सीट टाकून गेला. शुक्रवारी सकाळी हव्यात, म्हणाला, गिऱ्हाईक ठरलंय. मास्तरांनी शब्द दिला. दिलेल्या वेळेला काम द्यायचं म्हणजे द्यायचं, त्यासाठी ते तापातही मशीनवर बसलेले होते. कव्हरं मळून काळी पडली होती. खाली तांबडा रंग असावा. तशी तांबडी, पांढऱ्या पायपिंगची कव्हरं मास्तरांनी आजवर तीसेक तरी शिवली होती, म्हणून त्यांना विशेष काही वाटलं नाही.

बुधवारी सकाळी त्यांनी मागची सीट उसवली. मग पुढची डावी उचलली. हाताला ती जरा भरीव लागली. कव्हर सोडवलं तर मूळ फोमवर दोन बोटं जाडीचा जादा तुकडा, कडा हाताने तासून गोल केलेल्या. मास्तर थांबले. कडा अशा तासणारा माणूस त्यांना एकच माहीत होता.

ड्रायव्हरची सीट उलटी करायला त्यांचा हात धजेना. उठून पाणी प्यायले. शटर थोडं खाली ओढलं. मग बसून, रोज करायचे तसं, कडेची शिवण ब्लेडने उघडली आणि पट्टी बाहेर आली. लाल दोरा. वाकडा सात.

मास्तरांना आधी राग आला तो दलालाचा, मग गाडी ओढून नेणाऱ्यांचा, आणि मग राग संपला. नऊ महिने आपण पोराला नाही नाही ते मनात बोललो आणि पोराच्या दारातून गाडी ओढून नेली होती, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. आत स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायला आता कुणी नव्हतं. नाहीतर पलीकडून उत्तर ठरलेलं होतं, कोण असेल बिचारा.

दुपारी त्यांनी दलालाला फोन लावला. गाडी कुठून उचलली, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. दलालाने मुलाच्याच शहराचं नाव घेतलं. पाच-सहा महिने आवारात धूळ खात पडून होती, म्हणाला, शेवटी लिलावात स्वस्तात मिळाली. मास्तरांनी विचारलं, म्हणजे ज्याची होती तो सुटला ना एकदाचा?

दलाल हसला. माणूस वाईट नव्हता, पण रोज तेच बघून त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"सुटतोय कुठला, मास्तर. गाडी गेली की कर्ज गेलं असं लोकांना वाटतं. लिलावात आले तेवढे वजा होतात, बाकीचं राहतंच त्याच्या डोक्यावर. आणि हा म्हणे आधीच्या गाडीचंही ओढत होता. आता बघा तुम्ही, चार-सहा महिन्यांत हाच माणूस दुसऱ्या शोरूममध्ये जाईल. तिथे म्हणतील, जुनी बाकी ह्याच्यातच मिळवू, हप्ता तेवढाच ठेवू, फक्त वर्षं वाढवू. माणूस हप्ता ऐकतो. वर्षं ऐकतच नाही."

"आणि नाही गेला तर?"

"नाही गेला तर तेवढी बाकी हळूहळू फेडून मोकळा होतो की. दोन-तीन वर्षं पायी हिंडायचं, बसने जायचं. पण एकदा गाडीतून उतरलेल्या माणसाला बसमध्ये चढायला फार जड जातं हो."

मास्तरांनी फोन ठेवला आणि लोखंडी पेटी उघडली. तिच्यात मास्तरीणबाईंच्या दोन सोन्याच्या बांगड्या होत्या. बाकी किती असेल याचा त्यांनी दलालाच्या बोलण्यावरून अंदाज बांधला होता. दोन बांगड्यांत बरीचशी फिटली असती. बेत सरळ होता. मुलाकडे जायचं, बांगड्या त्याच्या हातात ठेवायच्या, आणि सांगायचं की गाडी गेली तर गेली, तू बसने येत जा. त्याने दुसरं कर्ज घ्यायच्या आत हे सांगायला हवं होतं.

मग त्यांनी मुलाला फोन केला. बुधवारी त्यांचा कधी फोन व्हायचा नाही. बरं आहे ना, त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, मला काय धाड भरली आहे, मी शुक्रवारी येतोय तुझ्याकडे. मग मुलगा म्हणाला, "कितीच्या बसने? मी गाडी घेऊन येतो स्टँडवर."

मास्तर तेव्हाच बोलले असते तर. पट्टी त्यांच्या डाव्या हातात होती. पण फोनवर त्या दोघांना तीन प्रश्नांपलीकडचं कधी बोलता आलं नव्हतं. शिवाय त्यांना वाटलं, हे समोरासमोर, पाठीवर हात ठेवून सांगायचं बोलणं आहे. फोनवर सांगितलं तर पोर लाजेने फोन ठेवून देईल. गाडी घेऊन येतो म्हणतोय, म्हणजे कुणा मित्राची मागून आणणार. आणू दे बिचाऱ्याला. दोन दिवस त्याची अब्रू झाकलेली राहू दे. असा विचार करून ते म्हणाले, "साडेअकराच्या. येताना काही आणू का?" मुलगा म्हणाला, काही नको.

गुरुवारी निघता आलं असतं. पण सीटचा शब्द दिलेला होता, आणि त्या सीटही दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायला जीव होईना. दिवसभर बसून त्यांनी त्या शिवल्या. डाव्या सीटचा जादा फोम काढून टाकायला दलालाने नंतर फोन करून बजावलं होतं, दोन्ही सीट सारख्या उंचीच्या हव्यात म्हणून. मास्तरांनी तो तुकडा सुरीने अलगद सुटा केला, झटकला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. नव्या कव्हराच्या आत गुरुवारची तारीख घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची शिवण सरळ आली नाही.

शुक्रवारी बसमधून उतरले तेव्हा मुलगा स्टँडबाहेर उभा होता. वाळला होता. दाढी नुकतीच केलेली, इस्त्रीचा शर्ट. आणि त्याच्या मागे एक गाडी, आधीच्या गाडीहून हातभर लांब. तिचा रंग इतका चकचकीत की मास्तरांना त्यात स्वतःचा पिशवी धरलेला हात दिसला. मुलाने पिशवी घेतली, दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बसा, बाबा."

मास्तर बसले. खाली प्लॅस्टिक कुरकुरलं. सीटवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. मित्राची गाडी असती तर प्लॅस्टिक नसतं, हे मोटारींच्या सीटवर जन्म घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

"कव्हरं मुद्दाम घातली नाहीत," मुलगा गाडी रस्त्याला काढत म्हणाला. "ती तुम्हीच शिवायची."

"कधी घेतलीस?"

"काल."

"आणि ती?"

"ती... दिली काढून. जुनी झाली होती."

मास्तरांनी खिशातून पट्टी काढली आणि काचेखालच्या फळीवर ठेवली. मुलाने एकदा तिकडे पाहिलं. लाल दोरा त्याने लगेच ओळखला. पुढे दोन दुकानं सोडून त्याने गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर तसेच ठेवून समोर बघत बसला.

"तुमच्याकडेच आली का?" त्याने विचारलं.

"बुधवारी."

"म्हणून फोन केलात."

"सांगायला येत होतो, की गाडी नको घेऊस. तशीच राहू दे बाकी, आपण फेडू. आईच्या बांगड्या आणल्यात."

मुलाने कपाळ हातांवर टेकलं. म्हणाला, महिनाभर ते शोरूमवाले मागे लागले होते. कागद तयार होते, फक्त सह्या राहिल्या होत्या. ही नको म्हणत होती, मीही टाळत होतो. "बुधवारी तुमचा फोन आला, बाबा. तुम्ही स्टँडवर उतरणार आणि मी चालत घ्यायला येणार, ते मला जमेना. काल जाऊन सह्या केल्या."

मास्तरांनी हात उचलला. पाठीवर ठेवायचा म्हणून दोन दिवस मनात घोळवलेला तो हात मधेच राहिला.

"अरे, पण यायचंस ना मला भेटायला," ते म्हणाले. "नऊ महिने. कसा का होईना, यायचंस."

"दोनदा आलो होतो."

"कधी?"

"बसने आलो होतो. स्टँडवर उतरलो. तिथल्या बाकावर बसलो. गल्लीतून चालत येताना लोक विचारतील, गाडी कुठे. तुम्ही ओट्यावर असाल. तुम्ही म्हणाला होतात, गाडीतून येणार असशील तरच ये. परतीची बस लागली, तीत बसून गेलो. दोन्ही वेळेला."

"मी गंमत केली होती रे," मास्तर म्हणाले आणि रडायला लागले. बायको गेली तेव्हाही ते लोकांसमोर रडले नव्हते. आता भर रस्त्यात, नव्या गाडीत, प्लॅस्टिकवर बसून सत्तरी ओलांडलेला माणूस हुंदके देऊन रडला, आणि शेजारी त्याचा मुलगा रडला. बाहेरून बघणाऱ्यांनी असंच म्हटलं असेल की काय झोकदार गाडी आहे.

घरी सुनेने कागद पुढे ठेवले. तिने ते आदल्या रात्री एकटीने सगळे वाचले होते. तीन गाड्यांचं कर्ज एका गाडीवर होतं आणि त्यातल्या दोन गाड्या त्यांच्याकडे नव्हत्या. वर विमा, वर कसलीशी हमी, तीही कर्जातच घातलेली. हप्ता खरंच तेवढाच होता. वर्षं सात. सूनबाई शांतपणे वाचून दाखवत होती आणि मधेच कागद खाली ठेवून चहा टाकायला उठून गेली. ती बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसाने पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, मास्तरांना काका म्हटलं. गाडी परत घ्यायची म्हणजे पुन्हा नुकसान तुमचंच, म्हणाला, आणि नुकसानीचा आकडा इतक्या गोड आवाजात सांगितला की मास्तरांनी तो दोनदा सांगायला लावला. मग ते उठले. बांगड्या जुन्या बाकीला पुरल्या असत्या, नव्या कर्जात त्या दहा महिन्यांच्या हप्त्यांपलीकडे गेल्या नाहीत.

आता मुलगा दिवसा कारखान्यात जातो आणि सुट्टीच्या दिवशी किंवा पहाटे कुणाला कुठे सोडायचं असेल तर ती गाडी भाड्याने चालवतो. स्वतःसाठी म्हणून तो तिच्यात बसत नाही, तेल परवडत नाही. कव्हरं मास्तरांनीच शिवली. नेहमीचा दोरा न वापरता जीपच्या कापडी टपाचा जाड दोरा घेतला आणि प्रत्येक शिवण दोनदा मारली, कारण त्या कव्हरांना आता बरंच टिकायचं होतं. आतल्या पट्टीवर त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली नाही. शेवटच्या हप्त्याची घातली. ती तारीख उजाडेल तेव्हा मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असतील.

दुकानात कुणी नवी गाडी घेऊन किंवा घ्यायचा बेत घेऊन आलं तर मास्तर माप घ्यायच्या आधी विचारतात, किती वर्षांचं आहे, आणि जुनं काही त्यात मिळवलंय का. काहींना राग येतो. एक जण तर म्हणाला, तुम्ही कव्हरं शिवा, आमचा संसार नका उसवू, आणि समोरच्या दुकानात गेला. पण मास्तर विचारायचं सोडत नाहीत, आणि दोघंतिघं कागद परत बघायला म्हणून घरी गेले ते त्या गाडीच्या कव्हरांसाठी परत आलेच नाहीत. त्याचं मास्तरांना वाईट वाटत नाही.

मुलगा आता महिन्यातून एका रविवारी येतो. बसने येतो. त्याची बस दहाला लागते आणि मास्तर साडेनऊलाच जाऊन स्टँडवरच्या बाकावर बसतात, ज्या बाकावरून तो दोनदा परत गेला होता त्याच. बाक सिमेंटचा आहे, म्हाताऱ्या हाडांना टोचतो. म्हणून ते घरून दोन बोटं जाडीचा, कडा तासलेला फोमचा एक तुकडा काखेत घेऊन जातात आणि तो खाली घालून बसतात. बस आली की तुकडा झटकतात, उठतात, आणि दोघं गल्लीच्या मधोमध, सगळ्यांना दिसतील असे चालत घरी येतात.